मनगट मोडलं, बोट निखळलं : पहिल्या तासापासून पुढचे सहा महिने

पाऊस सुरू झाला की हाडांच्या ओपीडीत हातांची रांग वाढते. शेवाळलेलं अंगण, मोरीतली ओली फरशी, वळणावर घसरलेली स्कूटी. पडताना माणूस नकळत हात पुढे टेकवतो आणि सगळं वजन तळव्यावर येतं. मनगटाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड तुटतं. त्याचं नाव रेडियस. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी या मोडीचं वर्णन १८१४ मध्ये केलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, हात वरून बघून आणि चाचपून. केस पेपरवर आजही ‘कॉलिस फ्रॅक्चर’ लिहितात, ते त्यांच्याच नावाचं.

ज्यांच्या घरात असं पहिल्यांदाच घडलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी फिजिओथेरपीच्या टेबलावरून बघते, म्हणजे माझ्यासमोर हात येतो तो प्लास्टर निघाल्यावर किंवा ऑपरेशन झाल्यावर. नातेवाईकांचा सगळा जोर ‘ऑपरेशन करायचं की नाही’ यावर असतो. आखडलेल्या हाताची हकिगत विचारली तर मात्र गोष्ट बहुधा दोनच ठिकाणी बिघडलेली निघते : दाखवायला उशीर झालेला असतो, नाहीतर बोटं हलवायची राहून गेलेली असतात. ऑपरेशनचा निर्णय या दोहोंच्या मध्ये येतो आणि त्यात डॉक्टरांचा वाटा मोठा. आधीचं आणि नंतरचं बरंचसं घरच्यांवर आहे.

पहिला तास

सगळ्यात आधी अंगठ्या, बांगड्या, कडं, घड्याळ, मनगटावरचे गंडेदोरे काढा. दुखापत मनगटाची असली तरी बोटांतल्या अंगठ्याही काढायच्या, कारण सूज खाली बोटांत उतरते. तासाभराने अंगठी निघेनाशी होते आणि मग ती कापावी लागते. साबण किंवा तेल लावून सरकवा. तरीही अडली तर अंगठीच्या पुढच्या बाजूला दोऱ्याचे वेढे एकमेकांना लागून घट्ट घालून बोट दाबून घ्यायचं आणि दोऱ्याचं टोक अंगठीखालून घेऊन उलगडत उलगडत अंगठी पुढे आणायची. बोटच मोडलं असेल तर मात्र ही खटपट नको; दवाखान्यात कापून घ्या. ‘सौभाग्याचं लेणं कसं काढायचं’ म्हणून थांबलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत. हिरव्या बांगड्या पुन्हा भरता येतात.

मग आधार. दुमडलेलं वर्तमानपत्र किंवा जाड मासिक मनगटाखाली कोपरापर्यंत ठेवून वरून ओढणीने हलकं बांधा आणि हात झोळीत छातीच्या उंचीला ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढून सरळ करायचं नाही.

हाडवैद्याकडे जायचा मोह गावाकडे अजून होतो. त्यांच्यातल्या काहींच्या हाताला गुण असेल. प्रश्न घट्ट बांधण्याचा आहे. सुजणाऱ्या हातावर कांबट्यांची करकचून पट्टी बसली की आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांतच ते कायमचे निकामी होऊ शकतात आणि बोटं कायमची वाकडी राहतात. लेपाने बिघडत नाही, आवळण्याने बिघडतं.

जखमेतून हाड दिसत असेल, मोडलेल्या जागी कातडी फाटून रक्त येत असेल, बोटं पांढरी किंवा निळी पडली असतील, मुंग्या येऊन बधिरता वाढत असेल तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच जा. भांडणात ठोसा मारताना समोरच्याचा दात बोटाच्या सांध्यावर लागला असेल तर तेही याच यादीत येतं. जखम दिसायला मुगाएवढी असते, पण तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात आणि दोन दिवसांत सांधा पुवाने भरतो. लाजेपोटी लोक ‘दारात सापडलं’ असं सांगतात. डॉक्टरांना खरं सांगा, उपचार त्यावर ठरतो.

घरातून निघताना रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं.

एक्स-रे

मनगटाचे किमान दोन एक्स-रे हवेत, एक समोरून आणि एक कडेने. एकाच दिशेने काढलेल्या फोटोत मागे झुकलेलं हाड सरळ दिसू शकतं. बोटाची दुखापत असेल तर कडेचा एक्स-रे फक्त त्या बोटाचा मागा. पूर्ण पंजाच्या फोटोत चार बोटं एकमेकांवर येतात आणि सांध्यातला छोटा तुकडा लपून जातो. सांध्याच्या आत चुरा झाला असेल तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील. तो पैशांसाठी सांगितला असं प्रत्येक वेळी समजू नका. तुकडे किती आणि कुठे, हे त्याशिवाय नीट कळत नाही.

मोबाइलवर एक्स-रेचा फोटो काढून ठेवा, मूळ फिल्म किंवा सीडीही जपा. पुढच्या प्रत्येक भेटीत हाड सरकलं का, हे पहिल्या फोटोशी ताडूनच ठरतं.

कोणती दुखापत थांबते, कोणती थांबत नाही

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण हातात सूज आणि दुखणं यावरून गंभीरपणा ओळखता येत नाही. खूप सुजलेलं मनगट आठवडाभर थांबू शकतं. जेमतेम दुखणारं बोट थांबू शकत नाही.

अशा बोटाचं उदाहरण कबड्डीत मिळतं. पळणाऱ्या गड्याची चड्डी किंवा बनियन पकडलं, त्याने हिसडा दिला आणि अनामिकेच्या टोकात काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. बोट सरळ आहे, एक्स-रेमध्ये हाडही शाबूत, पण मूठ वळताना त्या बोटाचं शेवटचं पेर वाकत नाही. आतली स्नायुरज्जू, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडावरून उपटलेली असते. पायजम्याची नाडी सुटून आत जावी तशी ती मागे, कधी थेट तळव्यापर्यंत ओढली जाते. तिथे तिचं रक्त तुटतं, ती आखडते आणि मग तिला परत जागेवर आणता येत नाही. इतकी मागे गेलेली रज्जू शिवायला सात ते दहा दिवसच मिळतात. खेळाच्या शिक्षकांनी आणि तालमीतल्या वस्तादांनी एवढं लक्षात ठेवलं तरी कितीतरी बोटं वाचतील : मार लागल्यावर प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर वेगळं वाकवून बघायचं. वाकत नसेल तर त्याच आठवड्यात हॅण्ड सर्जनकडे.

याच्या उलट टोक म्हणजे क्रिकेटचा चेंडू बोटाच्या अग्रावर बसणं. शेवटचं पेर खाली लोंबतं, दुसऱ्या हाताने उचललं तर सरळ होतं, सोडलं की पुन्हा पडतं. याला मॅलेट फिंगर म्हणतात. गादीखाली चादर खोचताना बायकांनाही हे होतं. यात बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. फक्त शेवटचा सांधा सरळ धरणारी छोटी पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. त्यानंतर काही आठवडे रात्रीपुरती. अट एकच आणि ती कडक आहे : या काळात ते पेर एकदाही खाली पडता कामा नये. पट्टी बदलताना, बोट धुताना ते टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. एकदा पडलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. सोपा वाटणारा हा उपचार प्रत्यक्षात सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण पंधरा दिवसांत दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं झालं बरं. हाडाचा मोठा तुकडा निघून सांधा पुढे सरकला असेल तेव्हा मात्र वायर घालावी लागते.

बोटाचा मधला सांधा हा माझ्या लेखी हातातला सगळ्यात खट्याळ सांधा. मैदानावर बोट निखळतं, कुणीतरी ओढून ‘कट्’ करून बसवतो आणि खेळ पुढे सुरू होतो. बसलं हे ठीक, पण त्यानंतर एक्स-रे लागतोच. निखळताना मधल्या पेराच्या बुडाचा तळव्याकडचा तुकडा तुटला असेल तर सांधा पुन्हा पुन्हा मागे घसरतो. तुकडा सांध्याच्या पृष्ठभागाच्या साधारण ३० टक्क्यांहून लहान असेल तर शेजारच्या बोटाला बांधून किंवा पूर्ण सरळ होऊ न देणाऱ्या पट्टीने भागतं. ५० टक्क्यांच्या वर गेला तर ऑपरेशन जवळजवळ ठरलेलं. त्यात बारीक स्क्रू किंवा वायर वापरतात. चुरा असेल तर बोटाच्या दोन्ही बाजूंना तारांची चौकट बसवून सांधा ताणून धरतात. रबरबँड लावलेल्या अशा चौकटीत सांधा ताणलेला असतानाच हलवताही येतो. बाहेरून बसवायच्या हलक्या चौकटींत ‘जेस’ हे नाव ऐकाल. ती मुंबईचे हॅण्ड सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी तयार केलेली पद्धत आहे. जेसमधला जे जोशींचा.

याच मधल्या सांध्याची आणखी एक छुपी दुखापत आहे. सांध्यावरची, बोट सरळ करणारी रज्जू तुटते. पहिल्या दिवशी बोट थोडंफार सरळ होतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी मधला सांधा वाकलेला आणि टोकाचा उलटा ताठ असं विचित्र रूप येतं. वेळेत ओळखलं तर मधला सांधा सरळ ठेवून सहा आठवडे पट्टी, एवढंच. उशीर झाला की प्रकरण महिनोन्‌महिने चालतं.

अंगठ्याचं थोडक्यात सांगते. दुचाकीचं हॅण्डल हातात असताना पडलं की अंगठा बाहेरच्या बाजूला उलटतो आणि त्याच्या मुळाशी असलेला, तर्जनीकडचा बंध फाटतो. अर्धवट फाटला तर पट्टी पुरते. पूर्ण फाटून त्याचं टोक शेजारच्या पडद्यावर चढून बसलं तर ते कितीही थांबलं तरी आपल्या जागी चिकटत नाही. हे स्वीडनच्या बर्टिल स्टेनर यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा टाका घालावाच लागतो. कपाट उघडताना, बाटलीचं झाकण फिरवताना अंगठ्यात जोर येत नसेल तर ‘लचकलाय’ म्हणून सोडू नका. अंगठ्याच्या हाडाचं बूड मोडलं तर त्याला बेनेट फ्रॅक्चर म्हणतात. स्नायू ते सारखे ओढत असल्यामुळे निव्वळ प्लास्टरमध्ये ते क्वचितच टिकतं.

आणि स्केफॉइड. मनगटातलं काजूएवढं हाड. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर हे हाड मोडल्याचा संशय धरायचा, पहिला एक्स-रे चांगला आला तरीही. या मोडीची भेग सुरुवातीला अनेकदा दिसतच नाही. म्हणून प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा लगेच एमआरआय करतात. या हाडाचं रक्त बोटांकडच्या टोकाने आत शिरतं आणि मागे येतं. मध्ये मोडलं तर मागच्या तुकड्याची रसद तुटते, तो न जुळता राहतो, कधी मरतो. ‘लचक’ समजून हिंडलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलांचं मनगट काही वर्षांनी झिजलेलं दिसतं ते यामुळे. तुकडे सरकले नसतील तर आठ ते बारा आठवडे प्लास्टर. सरकले असतील किंवा मोड मागच्या टोकाला असेल तर डोकं नसलेला, हाडात पूर्ण बुडणारा स्क्रू घालतात. ऑस्ट्रेलियाचे टिमोथी हर्बर्ट यांच्या नावाने तो हर्बर्ट स्क्रू म्हणून ओळखला जातो. फारसं न सरकलेल्या, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आतल्या मोडींवर ब्रिटनमध्ये ४३९ रुग्णांची तुलना झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षाच्या शेवटी प्लास्टरवाले आणि स्क्रूवाले यांच्यात फरक आढळला नाही. मात्र प्लास्टरमध्ये जे हाड जुळत नाही त्याचं ऑपरेशन वेळेत करायला हवं. म्हणजे प्लास्टर घेतलं तर तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत.

मनगट : प्लास्टर, वायर की प्लेट

आता रेडियस. बहुतेक वेळा मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन हाड ओढून बसवतात आणि कच्चं प्लास्टर, म्हणजे एका बाजूने उघडी स्लॅब घालतात. सूज उतरल्यावर पक्कं प्लास्टर. पहिल्याच दिवशी पक्कं घालून घरी पाठवलं आणि बोटं सुजायला लागली तर परत जाऊन ते उभं चिरून सैल करून घ्या.

बसवल्यानंतरच्या एक्स-रेमध्ये डॉक्टर तीन गोष्टी मोजतात. त्या तुम्हीही विचारू शकता. हाड किती आखूड झालंय, मागे किती कललंय आणि सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली आहे का. तीन मिलिमीटरहून जास्त आखूड, दहा अंशांहून जास्त मागे कललेलं किंवा दोन मिलिमीटरहून मोठी पायरी असेल तर कामाच्या वयातल्या माणसाला ऑपरेशन सुचवतात. ‘डॉक्टर, बसवल्यावर हे तीन आकडे किती आले?’ एवढा एक प्रश्न विचारला तर पुढचं बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार दोन. एक, हाड ओढून बसवायचं आणि कातडीतून दोन-तीन तारा घालून ते धरून ठेवायचं. तारांची टोकं बाहेर असतात, वर प्लास्टर असतं, चार ते सहा आठवड्यांनी तारा ओपीडीतच ओढून काढतात. दुसरा, तळव्याच्या बाजूने चीर घेऊन प्लेट बसवायची. आजच्या प्लेटमध्ये स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आटे घेऊन घट्ट बसतं, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड मिळते. चुरा फारच असेल, जखम उघडी असेल तर बाहेरून दांड्यांची चौकट.

प्लेट महाग, म्हणजे चांगली, हा समज सोडा. ब्रिटनमधल्या १८ रुग्णालयांत ४६१ रुग्णांवर झालेल्या ‘ड्राफ्ट’ नावाच्या तुलनेचा निकाल २०१४ मध्ये आला : ज्यांचं हाड न उघडता, नुसतं ओढून बसत होतं त्यांच्यात तारा आणि प्लेट यांच्यात वर्षभरानंतर हाताच्या कामात फरक नव्हता. २०२२ मध्ये त्याच मालिकेतला दुसरा निकाल आला. बसवलेल्या हाडावर नुसतं नीट घडवलेलं प्लास्टर आणि तारा यांची ५०० रुग्णांत तुलना केली, वर्षाने दोन्ही सारखेच. पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाचं हाड सरकलं आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्यांना ऑपरेशन लागलं. याचा व्यवहारातला अर्थ असा : प्लास्टर निवडा, पण पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याचा एक्स-रे काढाच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सरकलेलं हाड कळून उपयोग कमी, कारण तोवर ते वाकडंच जुळू लागलेलं असतं.

मग प्लेट कुणाला? ओढून बसत नाही त्याला, सांध्याच्या आतले तुकडे जुळवायचे आहेत त्याला, दोन्ही हात मोडलेत त्याला. आणि ज्याला दोन-तीन आठवड्यांत मनगट हलवणं गरजेचं आहे त्याला. हा प्लेटचा खरा फायदा आहे. ६५च्या पुढच्या, बेताचं काम असणाऱ्या माणसाच्या बाबतीत ऑपरेशनने दूरच्या काळात हात जास्त चांगला चालतो असं दिसत नाही. मनगटाला उंचवटा राहतो, पण पेला धरता येतो, पोथीचं पान उलटता येतं. ‘आईचा हात वाकडा दिसेल’ ही काळजी पुष्कळदा मुलांची असते. आईला विचारून बघा.

लहान मुलांचं गणित निराळं. त्यांची हाडं वाढत असल्यामुळे बराच वाकडेपणा आपोआप सरळ होतो. मात्र वाढीच्या थरातून गेलेली मोड आणि दारात सापडून नखाखाली झालेली मोड लगेच दाखवायची.

बोटाचं हाड मोडलं असेल तर आकड्यांपेक्षा एक साधी तपासणी मोठी : मूठ अर्धवट वळवा. मोडलेलं बोट शेजारच्या बोटावर चढतंय का? चढत असेल तर हाड पिळलंय. पीळ वयाने सरळ होत नाही आणि व्यायामानेही जात नाही.

ऑपरेशन ठरलं तर

मनगटाची साधी मोड सूज उतरण्यासाठी चार-पाच दिवस थांबली तर बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ढकलू नका. या मधल्या दिवसांत कागद लावून घ्या. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते, मागाहून बिल लावून मिळत नाही. गोव्यात दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड जवळ ठेवा. खासगी विमा असेल तर नवीन पॉलिसीची तीस दिवसांची प्रतीक्षा अपघाताला लागू नसते. रस्त्यावरचा अपघात असेल तर रुग्णालय एमएलसी करतं, म्हणजे पोलिसांकडे नोंद जाते. ती टाळायला सांगू नका, पुढे विम्याच्या दाव्यात तीच कामाला येते.

डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी : रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, औषधांची अॅलर्जी, विडी-सिगारेट, तंबाखू. मिश्रीही त्यातच धरा. बायका मिश्रीचं सांगत नाहीत, कारण ती त्यांना तंबाखू वाटतच नाही. निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो.

नेलपॉलिश काढून जा. सहा तास आधीपासून अन्न बंद. दुधाचा चहा अन्नातच धरतात. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील ते अंतिम. ‘देशी प्लेट की इम्पोर्टेड’ असं विचारतील. दोन्ही चालतात; विचारायचं ते हे की तिचे स्क्रू लॉक होणारे आहेत का आणि पुढे काढायची वेळ आली तर त्या कंपनीचा स्क्रूड्रायव्हर इथे मिळतो का. प्लेटच्या पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.

भूल बहुधा फक्त हाताला देतात, गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन. तुम्ही जागे असता किंवा डुलकी लागलेली असते. दंडाला पट्टा आवळलेला असतो, सी-आर्म नावाच्या यंत्रावर डॉक्टर हाड बघत असतात. बोटांच्या काही ऑपरेशनांत पट्ट्याशिवाय, फक्त त्या जागी औषध टोचून काम करतात आणि टेबलावरच तुम्हाला बोट हलवायला सांगतात. घाबरू नका, हलवा; शिवलेली रज्जू कितपत चालते हे त्यांना तिथेच कळतं. हाताची भूल रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकते. ती उतरायची वाट न बघता दुखण्याची गोळी आधीच घ्या. बधिर हात गरम भांड्याला लागला तरी कळत नाही, एवढं सांभाळा.

घरी आल्यावर

पहिले तीन-चार दिवस हात हृदयाच्या वर. झोपताना दोन उशांवर, बसताना सोफ्याच्या पाठीवर. झोळीत हात खाली लोंबत असेल तर ती झोळी चुकीची बांधली आहे.

लगेच परत जायची लक्षणं : गोळीने न थांबणारं, वाढत जाणारं दुखणं, दुसऱ्याने बोट सरळ केलं की जीव जाईल अशी कळ, बोटं गार, फिकट किंवा निळी, अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात वाढती बधिरता, तारांच्या तोंडाशी पू. यातली पहिली तीन दिसली तर फोनवर सल्ला विचारत बसू नका.

प्लास्टर ओलं करायचं नाही, आत विणायची सुई घालून खाजवायचं नाही. प्लास्टर तळव्यावरच्या आडव्या रेषेच्या आत संपायला हवं. ते बोटांच्या मुळांवर चढलं असेल तर मूठ वळणारच नाही. सांगून कापून घ्या.

आता माझा विषय. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. मोडलंय मनगट, बोटं मोडलेली नाहीत. दर तासाला दहादा : सगळी बोटं ताठ, मग फक्त पुढची दोन पेरं वळवून हूक, मग पूर्ण मूठ, मग मुळातून वाकवून टेबलासारखी सपाट, मग पसरून जवळ. शेवटी अंगठ्याचं टोक एकेका बोटाला लावायचं. नुसतं टोकं वळवळवणं म्हणजे व्यायाम नव्हे, तळव्याला बोटं टेकली पाहिजेत. खांदाही दिवसातून चार-पाचदा डोक्यावर न्या. झोळीत हात अडकवून महिनाभर बसलेल्या साठीच्या माणसाचं मनगट जुळतं आणि खांदा धरतो, हे नेहमीचं चित्र आहे. बोटाच्या सांध्याचंच ऑपरेशन असेल तर कोणता सांधा किती हलवायचा हे सर्जनला विचारूनच; शिवलेल्या रज्जूला मनाने ताण देऊ नका.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. प्लेट असेल तर त्यानंतर मनगट हलवायला सुरुवात होते, प्लास्टर किंवा तारा असतील तर साधारण सहाव्या आठवड्यानंतर. मनगट वर-खाली होण्यापेक्षा तळवा आभाळाकडे करणं जास्त अवघड जातं आणि आपल्याला तेच जास्त लागतं. हाताने जेवताना घास तोंडापर्यंत नेताना तळवा वळावा लागतो, ओंजळ धरतानाही. कोपर बरगडीला टेकवून, हातात लाटणं उभं धरून ते हळूहळू दोन्ही बाजूंना कलवा. भरलेला कुकर, पाण्याची बादली, कणीक तिंबणं, कपडे पिळणं हाड जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत नको. पकड परत यायला तीन ते सहा महिने जातात, शेवटचा कस यायला वर्षही लागतं. मधल्या सांध्याची सूज तर वर्षभर रेंगाळते आणि त्या बोटाची अंगठी बहुधा वाढवून घ्यावी लागते. त्याला ऑपरेशन फसलं असं म्हणत नाहीत.

काही गोष्टी उशिरा उद्भवतात. हात गरजेपेक्षा जास्त दुखतोय, तुकतुकीत लाल किंवा घामेजलेला आहे, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, बोटं ताठ होत आहेत. याला सीआरपीएस म्हणतात आणि लवकर सांगितलं तर त्यावर उपचार सोपे जातात. दुसरं, काही आठवड्यांनी अचानक अंगठ्याचं टोक वर उचलता येईनासं होणं. तळवा टेबलावर टेकवून फक्त अंगठा वर उचलून बघा. न सरकलेल्या, प्लास्टरमध्येच बऱ्या झालेल्या मोडीतही खडबडीत हाडावर घासून अंगठा उचलणारी रज्जू तुटते. तर्जनीला सरळ करणाऱ्या रज्जू दोन असतात, त्यांतली एक अंगठ्याला देऊन हे दुरुस्त करता येतं. तिसरं, प्लेट घातल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अंगठा वाकवताना मनगटात करकर होणं. तसं झालं तर प्लेट काढून टाकतात. एरवी मोठ्या माणसाची प्लेट काढायची गरज नसते आणि ‘धातू शरीरात नको’ एवढ्यासाठी दुसरं ऑपरेशन करून घेण्यात अर्थ नाही.

पन्नाशी ओलांडलेली बाई उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडून आली असेल तर हाड जुळल्यावरही एक काम उरतं : डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व. ठिसूळ झालेली हाडं पहिल्यांदा बहुधा मनगटातच उघडी पडतात, पुढची पाळी मणक्याची किंवा खुब्याची असते. नाचणी आणि तीळ जरूर खा, पण डेक्साचा आकडा कमी आला तर त्यावर औषध लागतं. हे औषध ऑर्थोच्या चिठ्ठीत पुष्कळदा राहून जातं, म्हणून प्लास्टर काढायला जाल त्याच दिवशी स्वतःहून विचारा.